खंड्याची उडी

पासपोर्टकाकांनी खंड्याचा फोटो काढायचं मनावर घेतलंय, ही बातमी सगळ्यात आधी वरच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांना कळली, आणि पोस्टमास्तरांना कळली म्हणजे इमारतीला कळलीच. नोकरीत असताना पत्रं उशिरा पोचवली, त्याची भरपाई हा माणूस निवृत्तीनंतर बातम्या वेळेआधी पोचवून करत होता.

काका म्हणजे कोपऱ्यावरच्या स्टुडिओचे मालक. मालक, फोटोग्राफर, झाडूवाले, सगळं तेच. आयुष्यभर त्यांनी एकच फोटो काढला होता: मागे पांढरा पडदा, पुढे स्टूल, स्टुलावर एक घाबरलेला माणूस. शहरातल्या निम्म्या ओळखपत्रांवरचे चेहरे त्यांच्या हातचे, आणि त्यातला एकही हसत नव्हता, कारण हसरा फोटो कचेरीत चालत नाही. "हनुवटी खाली. खांदे सरळ. हसू नका. रेडी? हलू नका!" एवढा मंत्र म्हटल्याशिवाय त्यांचं बोट बटणावर पडत नसे. लहान मुलं रडायची, म्हातारी माणसं श्वास रोखून धरायची, पण फोटो मात्र कधी परत आला नाही.

असा माणूस, ज्याच्यासमोर आजवर कुणाची हलायची टाप नव्हती, तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पाण्यात शिरणाऱ्या पक्ष्याच्या मागे का लागला, तर बाईंमुळे.

बाई म्हणजे काकांची बायको. शाळेत चित्रकला शिकवायच्या, म्हणून अख्खी इमारत त्यांना बाई म्हणायची. बाई आजारी होत्या. आजाराचं नाव सांगून काही उपयोग नाही. डॉक्टरांनी औषधांची चिठ्ठी एकदम लहान केली आणि "आता त्यांना आवडेल ते द्या" म्हणाले, तेव्हाच सगळ्यांना काय ते समजलं. काकांनाही समजलं. फक्त समजल्यावर वागायचं कसं, ते समजेना. स्टुडिओला कुलूप घालून ते पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि बाईंच्या तोंडाकडे बघत राहायचे.

"अहो, असं बघू नका हो," बाई म्हणायच्या. "मला वाटतं मी हललेबिलले की काय."

आवडेल ते द्या म्हणणं सोपं असतं. बाईंना काही आवडेनासंच झालं होतं. दोन घास खायच्या आणि ताट सरकवायच्या. काका रोज विचारायचे, "तुला काय पाहिजे ते सांग." रोज उत्तर यायचं, "काही नको." एका सकाळी मात्र उत्तर आलं.

"खंड्या पाहिजे."

"खायला?" काका गडबडून म्हणाले.

"अहो, खायला काय! बघायला." बाईंचा पलंग मागच्या खिडकीशी होता. खिडकीतून पाणीपुरवठ्याचा तलाव दिसायचा आणि तलावात आडवा गेलेला एक जुना गंजका पाइप. त्या पाइपावर खंड्या बसायचा. निळा, तुकतुकीत, स्वतःवर खूश. "इतकी वर्षं बघतेय. पाइपावर बसलेला दिसतो, मग पाणी उडालेलं दिसतं, मग पुन्हा पाइपावर, चोचीत मासा. मधलं काही दिसतच नाही. चोच पाण्याला टेकते ना, तेव्हा वर एक खंड्या आणि पाण्यात उलटा एक, चोचीला चोच. तेवढं बघायचंय मला. तुम्ही फोटोग्राफर ना?"

शेवटचं वाक्य काकांच्या वर्मी लागलं. एवढ्या संसारात बाईंनी त्यांना फोटोग्राफर पहिल्यांदाच म्हटलं होतं.

इमारतीखालच्या औषधवाल्याला फोटोंचा नाद. त्याच्याकडे हातभर लांब भिंगाचा कॅमेरा होता आणि त्या कॅमेऱ्यापेक्षा लांब ज्ञान. काकांचं ऐकून त्याने गिऱ्हाईक तसंच उभं ठेवलं. "काका, याला आमच्यात स्वप्नातला फोटो म्हणतात. प्रत्येकाचा एक असतो. कुणाचा बिबट्या पिल्लू तोंडात धरून चाललेला, कुणाचा गरुड पाण्यातून मासा उचलताना. आणि खंड्याची उडी म्हणजे तर काय! लोक वर्षानुवर्षं काठावर बसतात, गुडघे जातात, बायका माहेरी जातात, पण तो काही सापडत नाही."

"तुमचा कुठला?"

"घुबड. समोरून उडत येताना, डोळ्यांत डोळे घालून."

"मिळाला?"

"ते जागं असतं तेव्हा मी झोपलेला असतो," औषधवाला खिन्नपणे म्हणाला आणि कॅमेरा काकांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून तलावावर गेले. कामावर ते असेच जात. खंड्या पाइपावर हजर होता. काकांनी स्टँड लावला, पक्षी बरोबर मध्यभागी घेतला, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "रेडी? हलू नका!"

खंड्या हलला. हलला म्हणजे पार पलीकडच्या काठावर जाऊन बसला. काकांचं बोट त्यानंतर पडलं. फोटोत नुसता पाइप आला. सुरेख आला, हं. उजेड सगळीकडे सारखा, कडा स्वच्छ, मागे सावली नाही.

दुपारी त्यांनी तो बाईंना दाखवला. बाईंनी बराच वेळ पाहिला. "पाइपाचा पासपोर्ट काढलात होय? कुठे चाललाय हा?" आणि त्या हसल्या. हसताना खोकला आला, खोकताना डोळ्यांत पाणी आलं, पण हसल्या. शेजारीणबाई सकाळपासून बाईंपाशी बसायला यायच्या, त्या स्वयंपाकघरातून धावत आल्या, काय झालं बघायला. त्या दुपारी बाईंनी दोन घास जास्त खाल्ले.

एवढ्यावर काका पेटले. औषधवाला म्हणाला, तोंड बंद ठेवा. बंद राहीना. तोंडात रुमाल धरा. धरला. मग "म्म्म? म्मू म्मका!" असा आवाज यायला लागला आणि खंड्या त्याला जास्तच बिचकायला लागला. त्या आठवड्यात काकांनी पाण्याचे शिंतोडे काढले, फोटोच्या कडेला निसटणारं शेपूट काढलं, स्वतःचा अंगठा काढला, आणि एकदा तर जांभई देणारा तलावाचा रखवालदार काढला. रखवालदार मात्र स्पष्ट आला होता. रोज दुपारी हे प्रदर्शन पलंगावर भरायचं. बाई उशीला टेकून एकेक फोटो बघायच्या आणि शाळेतल्या मुलींच्या चित्रांना द्यायच्या तसे शेरे द्यायच्या. "शेपूट बरं आहे. उरलेला पक्षी उद्या घेऊन या."

मग रखवालदाराने स्वतःचा फोटो पाहिला आणि त्याला कर्तव्याची आठवण झाली. कुंपणावर पाटी होती: येथे फोटो काढण्यास सक्त मनाई आहे. तिच्यावर वेल चढला होता. त्याने तो वेल स्वतःच्या हाताने बाजूला केला आणि काकांना पाणीपुरवठ्याच्या कचेरीत धाडलं.

कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, "कशाचा फोटो?"

"खंड्याचा."

"आमच्या खात्यात आहेत का ते?"

"पक्षी आहे हो!"

"मग वनखातं. त्यांचं 'हरकत नाही' आणा."

वनखात्यातला कारकून जास्त अभ्यासू होता. "पक्षी बसतो कुठे?"

"पाइपावर."

"पाइप कुणाचा?"

"पाणीपुरवठ्याचा."

"मग त्यांच्याकडे जा. उडाला की आमच्याकडे या."

काका आगीतून फुफाट्यात आणि फुफाट्यातून आगीत असे चपला झिजेपर्यंत फिरले. शेवटी वनखात्याने लिहून दिलं की सदर पक्षी स्वतःच्या मर्जीने बसत असून त्यास खात्याची हरकत नाही. आता फक्त अर्ज राहिला. अर्जाला जागेचा एक फोटो आणि अर्जदाराचे दोन. जागेचा फोटो काकांकडे होताच, तो पाइपाचा. अर्जदाराचा मात्र नव्हता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. काकांनी स्टुडिओ उघडला, कॅमेऱ्याला आपोआप पडायचं बटण लावलं, धावत जाऊन स्टुलावर बसले आणि स्वतःलाच म्हणाले, "हलू नका!" कारकुनाने फोटो उजेडात धरला आणि परत दिला.

"डोळे मिटलेत. चालणार नाही. एखाद्या नीट फोटोग्राफरकडून काढून आणा. कोपऱ्यावर एक आहे. जरा खेकसतो अंगावर, पण काढतो चांगला."

अपमान मानावा की कौतुक, हे काकांना घरी पोचेपर्यंत कळेना. बाईंनी ते ऐकलं आणि इतक्या हसल्या की शेजारीणबाईंना त्यांची पाठ चोळावी लागली. "खेकसतो!" त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "बघा, सरकारदरबारी नोंद आहे तुमची!"

परवाना मिळाला. सकाळच्या वेळेत, पाण्यास स्पर्श न करता, असं त्यात लिहिलं होतं. पहिल्याच सकाळी काकांचा पॉलिश केलेला बूट शेवाळावरून घसरला आणि ते कमरेएवढ्या पाण्यात जाऊन बसले. दोन्ही हातांनी कॅमेरा डोक्यावर धरलेला. रखवालदार काठावर आला, त्याने परवाना उलगडला आणि मोठ्याने वाचला. मगच हात दिला.

इमारतीच्या मागच्या सगळ्या गॅलऱ्या हा सोहळा बघत होत्या, आणि त्यातूनच पुढचं लचांड उभं राहिलं. गॅलऱ्यांत कपडे वाळत असतात, त्यांच्या समोर रोज सकाळी एक लांब नळीचा कॅमेरा असतो, हे बरं दिसतं का? सेक्रेटरींनी सभा बोलावली. काका हात पाठीमागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "मी उभ्या जन्मात माणसाच्या तोंडाशिवाय काही पाहिलेलं नाही. खांद्याखाली मी फोटोच काढत नाही!" कुणीतरी खुसखुसलं, आणि मग काय, सल्ल्यांचा पूर आला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना आमच्याकडे कधी तोटा नव्हता. अंगाला चिखल फासा. डोक्यावर फांद्या बांधा. घमेल्यात मासे ठेवा. काकांनी घमेल्यात मासे ठेवले, ते मांजरांनी खाल्ले, आणि दुसऱ्या दिवसापासून मांजरं खंड्याच्या आधी येऊन बसायला लागली.

सभेनंतर जिन्यात पोस्टमास्तरांनी काकांना गाठलं. माणूस मनाने चांगला. त्यांना वाटलं, धीर द्यावा. "तुम्ही फोटो मिळत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. उलट बरंच आहे ते. एखादी इच्छा राहिली ना, की जीव तिच्यात अडकून राहतो बघा. माझ्या आत्याचं तसंच. लेकाच्या पत्रासाठी थांबलेली. पत्र आलं, मी स्वतः नेऊन दिलं. वाचलं, घडी घातली, उशीखाली ठेवलं, आणि संध्याकाळी गेली." एवढं सांगून ते वर चढून गेले. काका कठड्याला धरून खालीच उभे राहिले.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो फोटो मिळाला.

कसा मिळाला म्हणाल तर शिंकेने. रुमाल दातांत धरून काका डोळा भिंगाला लावून बसले होते, नाकात गवताचं काहीतरी गेलं, शिंक आली, रुमाल उडाला आणि बोट दाबलं गेलं. पाहतात तो काय! पाणी आरशासारखं सपाट. वर निळा पक्षी, बाणासारखा सरळ, आणि खाली तसाच दुसरा, उलटा, खालून वर येणारा. दोघांच्या चोची एकमेकींना टेकलेल्या. पाण्यावर अजून एक वर्तुळसुद्धा उमटलेलं नाही. मागे पाइपाचा तांबडा, गंजका तुकडा. काकांनी तो फोटो पाहिला, डोळे पुसले आणि पुन्हा पाहिला. मग सगळं सामान तिथेच टाकून, नुसता कॅमेरा छातीशी धरून ते पळत सुटले. मांजरं बाजूला झाली. रखवालदार "अहो, अहो" करत राहिला.

जिन्याच्या वळणावर ते थांबले.

थांबायला काही कारण नव्हतं. दम लागला होता म्हणा हवं तर. पण पोस्टमास्तर तिथेच भेटले होते, आणि ती आत्या, ती घडी, ती उशी, सगळं तिथेच त्यांची वाट बघत उभं होतं. वरून बाईंचा आवाज येत होता. त्या शेजारीणबाईंना विचारत होत्या, "आले का हो? आज काय आणलंय बघू. अंगठा की शेपूट?" आवाजात उत्सुकता होती. महिन्यापूर्वी हा आवाज नव्हता.

काकांनी तो फोटो मागे सारला, आदल्या दिवशीचे शिंतोडे पुढे आणले, आणि घरात शिरून म्हणाले, "हुकला."

"हुकणारच," बाई खूश होऊन म्हणाल्या.

त्या दिवसापासून काकांची नवी नोकरी सुरू झाली: रोज सकाळी जाऊन फोटो चुकवून आणायचा. हे सोपं असेल असं तुम्हाला वाटेल. पहिले काही दिवस होतंही. कारण अर्जाला जोडलेला पाइपाचा फोटो कुणा साहेबाच्या नजरेस पडला, गंज केवढा स्वच्छ दिसतोय हे त्याच्या लक्षात आलं, आणि खात्याने तातडीने माणसं पाठवून पाइपाला हिरवागार रंग फासला. खंड्या रागावून नाहीसा झाला. काका निवांत हिरव्या पाइपाचे फोटो आणत राहिले. पण रंगाचा वास गेला तसा खंड्या परतला, आणि त्याला आता काकांची सवय झालेली! "रेडी? हलू नका!" असं हे ओरडायचे, आणि तो शहाण्या गिऱ्हाइकासारखा मान सरळ करून बसायचा. उड्या मारायचा त्यासुद्धा नेमक्या भिंगासमोर. ज्या उडीसाठी लोकांचे गुडघे जातात, ती उडी काका रोज पुसून टाकत होते आणि आकाशाचे, गवताचे, आपल्या बुटाचे फोटो घरी नेत होते.

"मेल्या, जरा तिकडे जा की," असंही ते एकदा म्हणाले. मग त्यांचा त्यांनाच आवाज ऐकवेना आणि ते काठावर तोंड झाकून बसून राहिले. रखवालदाराला वाटलं, फोटो मिळत नाही म्हणून. "मिळेल, काका," तो म्हणाला.

बाई उतरत चालल्या होत्या. आधी उशीला टेकून बसायच्या, मग दोन उशा लागायला लागल्या, मग मान वळवून बघायला लागल्या. मुलगी परगावी नोकरीला होती, ती रोज फोन करायची, आणि काका फोनवर बुटाची गंमत सांगायचे. शेरे छोटे झाले. मग एका दुपारी शेराच आला नाही. गवताच्या फोटोवरून नजर काढून बाई काकांकडे बघत राहिल्या.

"लवकर काढा हो," त्या म्हणाल्या. "मला आता थांबवत नाही."

इतके दिवस काका समजत होते की आपण बाईंना धरून ठेवलंय. आणि इथे ही बाई, एवढी एक गोष्ट मागितलेली, ती रोज तोंडापुढून परत नेली जातेय आणि तरी वाट बघतेय. त्यांनी कॅमेरा हातात घेतला. गवत, बूट, आकाश, हिरवा पाइप, सगळं मागे टाकत ते त्या फोटोपाशी आले आणि कॅमेरा बाईंच्या डोळ्यांसमोर धरला.

बाईंनी बोट वर उचललं आणि वरच्या पक्ष्याच्या पाठीवरून खाली नेलं.

"पंख मिटलेले असतात!" त्या म्हणाल्या. "अहो, मी उघडे काढायचे. इतक्या मुलींना फळ्यावर उघडे काढून दाखवले. आता कुणाकुणाला सांगू?" आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "चोचीला चोच. किती छान आहे हो. कुणी शिकवलं तुम्हाला?"

"शिंकेने," काका म्हणाले. तेही रडत होते.

दोघं तसेच त्या फोटोकडे बघत राहिले असते. पण चित्रकलेच्या बाईंची नजर, ती कुठे जाणार? त्यांचं बोट पाइपावर थांबलं.

"हा तर तांबडा आहे."

काकांनी कॅमेरा किंचित मागे घेतला.

"पाइप हिरवा करून किती दिवस झाले. हा त्याच्या आधीचा आहे." त्यांनी मान वळवली. "कधी काढलात?"

काकांनी सांगितलं. सगळं सांगितलं. शिंक, जिना, पोस्टमास्तरांची आत्या. सांगता सांगता त्यांना वाटत होतं की ही समजून घेईल. पण बाईंच्या चेहऱ्यावर जो राग चढला, तसा काकांनी कैक वर्षांत पाहिला नव्हता. नुसती हाडं उरलेल्या त्या चेहऱ्यावर केवढा तरी राग.

"म्हणजे मी रोज वाट बघतेय आणि तुम्ही तो घेऊन हिंडताय? गिऱ्हाईक आहे का मी तुमचं? फोटो हातात पडला की निघाले?"

"मला भीती वाटली गं."

"आणि मला नाही वाटत?" बाई म्हणाल्या. "मला काय वाटतं ते विचारलंत कधी? नुसते बसलात बघत!"

एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि अबोला धरला.

आता या घरात अबोल्याला एक शिस्त होती, लग्नापासूनची. ज्याचं चुकलं त्याने चहा करायचा, दुसऱ्यासमोर ठेवायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. दुसऱ्याने प्यायला की मिटलं. तसाच राहिला, वर साय धरली, तर शिक्षा अजून बाकी. माफी नाही, समजूत नाही, काही नाही. मुलगी लहान असताना शाळेतून आली की आधी कपात डोकवायची, मग ठरवायची की आज घरात मोठ्याने बोलायचं की नाही.

काकांनी चहा केला आणि पलंगाजवळ ठेवला. साय धरली. ओतून दिला, दुसरा केला. त्याच्यावरही धरली. शेजारीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ही काय वेळ आहे का भांडायची? बाई, सोडा ना राग." बाईंनी डोळे मिटून घेतले. पोस्टमास्तर आले, आपल्या आत्यामुळे हे झालं असं कळल्यावर अर्धमेले झाले आणि पायरीवरच बसून राहिले. काकांना मात्र, खोटं कशाला सांगा, कुठेतरी बरंही वाटत होतं. एवढा करकरीत राग धरायचा तर अंगात ताकद लागते. ही अशी रुसली म्हणजे अजून आहे. या घरातला अबोला काही एका दिवसात कधी सुटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका तलावावर गेले नाहीत. चहा केला, ठेवला, थंड झाला. दुपारी पुन्हा केला. या वेळी कप खाली न ठेवता ते पलंगाच्या कडेला बसले, चहा बशीत घेतला, फुंकर घातली, आणि चमचा बाईंच्या ओठांशी नेला. बोलले नाहीत. नियम म्हणजे नियम. बाईंचा श्वास हळू चालला होता, मध्येच थांबत होता. काकांचा हात अवघडला तरी त्यांनी चमचा हलू दिला नाही. मग बाईंनी ओठ उघडले. चमचा आत गेला. थोडा चहा हनुवटीवर ओघळला, तो काकांनी अंगठ्याने पुसला. गिळल्याचं गळ्यापाशी दिसलं. काकांनी दुसरा चमचा भरला, तो मात्र तसाच राहिला.

संध्याकाळच्या आत बाई गेल्या.

घरात माणसं जमली. सेक्रेटरी आले, औषधवाला दुकान बंद करून आला, शाळेतल्या जुन्या शिक्षिका आल्या. अशा वेळी माणसं जे विचारतात ते सगळ्यांनी विचारलं: शेवटी काही बोलल्या का? काका खुर्चीवर ताठ बसून प्रत्येकाला एकच उत्तर देत होते. "नाही. आमचं भांडण चालू होतं." माणसं एकमेकांकडे बघायची. कुणी पाठीवर हात ठेवायचं, कुणी म्हणायचं, धक्का बसलाय. पोस्टमास्तर हात जोडून समोर उभे राहिले, त्यांनाही तेच उत्तर. शेजारीणबाई रडत सगळ्यांना सांगत होत्या, अहो खरंच, एक शब्द बोलल्या नाहीत हो नवऱ्याशी. काकांच्या डोळ्यांत तेव्हा पाणी नव्हतं.

मुलगी पोचली तेव्हा अंधार पडत आला होता. खांद्यावरची बॅग तशीच ठेवून ती आईपाशी बसली, आईच्या कपाळावर गाल टेकून खूप रडली. मग उठून बाबांपाशी आली. कुणीतरी तिच्या कानात सांगितलं होतं की कालपासून दोघांचा अबोला होता, बाबांनी ते फार मनाला लावून घेतलंय, जरा जपून बोल. ती खुर्चीसमोर जमिनीवर बसली आणि तिने बाबांचे दोन्ही हात धरले.

"चहा प्याली का?" तिने विचारलं.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. खोलीतल्या कुणालाच तो प्रश्न कळला नव्हता.

"चमचाभर," ते म्हणाले. "दुसरा नाही घेतला."

"मग मिटलं, बाबा," मुलगी म्हणाली. "चमचाभर घेतला ना? मिटलं मग."

काकांची हनुवटी हलायला लागली. मग खांदे हलायला लागले. मुलीने त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि ती त्यांना तसंच धरून बसली.